दहा वर्षांत हार्ट अटॅकची शक्यता १२ टक्के : पण हा हिशेब कोणाच्या आकड्यांवर?

फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट हातात आला की आपण पानं भराभर उलटतो. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल. ठळक अक्षरांत काही छापलेलं नाही ना, एवढंच बघायचं. हल्ली मात्र काही रिपोर्टमध्ये शेवटच्या पानावर आणखी एक आकडा असतो. 'पुढील १० वर्षांतील हृदयविकाराची जोखीम : १२ टक्के' आणि शेजारी हिरवा, पिवळा, लाल असा काटा. मोबाइलवरची काही अ‍ॅपही वय, बीपी, वजन विचारून असाच आकडा देतात.

हा आकडा घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट रात्रभर झोपलेला नसतो. दुसरा म्हणतो, "८८ टक्के तर पास आहे ना डॉक्टर!" दोघंही त्या आकड्याला भविष्य समजतात, आणि तो भविष्य नाही.

१२ टक्के याचा अर्थ असा. तुमचंच वय, तुमचंच बीपी, तुमच्याइतकंच कोलेस्टेरॉल आणि सिगारेटची तुमच्यासारखीच सवय असलेली १०० माणसं घेतली, तर पुढच्या १० वर्षांत त्यातल्या साधारण १२ जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येईल. तुम्ही त्या १२ मध्ये की ८८ मध्ये, हे ते गणित सांगत नाही. त्याला ते माहीतच नसतं.

आता खरा प्रश्न : ही 'तुमच्यासारखी १०० माणसं' आणली कुठून? ती नाशिकची होती की बोस्टनची? वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं याच प्रश्नावर काम करत आहेत. अमेरिकेत नुकतंच हे गणित बदललं आणि लाखो लोकांची गोळी सुरू करायची की नाही, हा निर्णय त्याबरोबर हलला. म्हणून हा विषय आज घ्यावासा वाटला.

एका गावाचं गणित जगाला

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ लोकांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी तपासायचं आणि कोणाला हृदयविकार होतो ते नोंदवायचं. बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांचा हृदयाशी असलेला संबंध आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो पक्का होण्यात या गावाचा फार मोठा वाटा आहे. पुढे या माहितीवरून गुणांची तक्ते-सूत्रं तयार झाली आणि जगभरचे डॉक्टर ती वापरू लागले.

अडचण एवढीच, की ते लोक प्रामुख्याने गोरे होते आणि त्यांचा काळ हृदयविकार भरात असण्याचा होता. पुढे पाश्चात्त्य देशांत सिगारेट कमी झाली, औषधं सुधारली, हृदयविकाराचं प्रमाण उतरलं. सूत्र मात्र जुन्या काळाचंच राहिलं. ब्रिटनमध्ये ते वापरल्यावर धोका प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू लागला.

म्हणून २००७ मध्ये ब्रिटनने स्वतःचं मॉडेल आणलं. त्याचं नाव क्यूरिस्क. तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदींवर ते बांधलेलं होतं. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रुग्ण किती गरीब वस्तीत राहतो, हेही त्या गणितात धरलं होतं. बीपी आणि कोलेस्टेरॉल सारखंच असलं तरी गरीब वस्तीतल्या माणसाचा धोका जास्त असतो. आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरला हे सांगावं लागत नाही, पण गणितात ते क्वचितच उतरतं.

या क्यूरिस्कच्या पहिल्या आवृत्तीत एक गंमत झाली. कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाचा हृदयविकाराशी जवळजवळ काहीच संबंध नाही, असं त्यातून निघालं! इतर संशोधकांनी त्यावर लगेच बोट ठेवलं. शोध घेतल्यावर कळलं, की बहुसंख्य रुग्णांच्या नोंदीत कोलेस्टेरॉलचा आकडाच नव्हता, आणि त्या रिकाम्या जागा अंदाजाने भरण्याची पद्धत सदोष होती. ती सुधारल्यावर संबंध पुन्हा दिसू लागला. चूक उघड छापली गेली होती म्हणून पकडली गेली. लॅबच्या रिपोर्टवरच्या काट्यामागे कुठलं सूत्र आहे, हे अनेकदा छापलेलंच नसतं. तिथे अशी चूक कोण पकडणार?

बनवणाऱ्याने नाही, तिसऱ्याने तपासायचं

इथे ऑक्सफर्डच्या दोन वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञांचं काम पुढे येतं : डग्लस ऑल्टमन आणि गॅरी कॉलिन्स. ऑल्टमन २०१८ मध्ये गेले. वैद्यकीय संशोधनातल्या ढिसाळ आकडेमोडीवर आयुष्यभर कोरडे ओढणारा हा माणूस. १९९४ मध्येच त्यांनी निकृष्ट वैद्यकीय संशोधन हा एक घोटाळाच आहे, अशा मथळ्याचं संपादकीय लिहिलं होतं. कॉलिन्स यांनी जोखीम सांगणारी मॉडेल हाच आपला विषय केला.

२०१० मध्ये या दोघांनी क्यूरिस्कची दुसरी आवृत्ती तपासली. ती बनवण्यात त्यांचा हात नव्हता. ज्या रुग्णांवरून मॉडेल बनलं त्यांना वगळून, वेगळ्या नोंदसंग्रहातल्या ३५ ते ७४ वयाच्या सुमारे १५.८ लाख रुग्णांवर त्यांनी ते ताडून पाहिलं. क्यूरिस्क तिथे फ्रेमिंगहॅमच्या सूत्रापेक्षा सरस ठरलं.

ताडून पाहायचं म्हणजे काय? दोन गोष्टी बघायच्या. पहिली, जास्त धोक्याचा माणूस वर आणि कमी धोक्याचा खाली असा क्रम मॉडेलला नीट लावता येतो का. दुसरी, ज्या शंभरांना १२ टक्के सांगितलं, त्यातल्या खरोखर बाराच्या आसपास लोकांना आजार झाला का. या दुसऱ्या कसोटीला कॅलिब्रेशन म्हणतात. किराणा दुकानातला तराजू आठवा. तो प्रत्येक वस्तूचं वजन दीडपट दाखवत असेल, तरी साखरेची मोठी पुडी आणि छोटी पुडी यांचा क्रम बरोबरच लावेल. पहिल्या कसोटीत तो पास. पण पैसे तुम्ही वजनावर देता, क्रमावर नाही. तसंच गोळी सुरू करायची की नाही, हे १० टक्के किंवा ७.५ टक्के अशा आकड्यावर ठरतं. तो आकडाच दीडपट असेल तर?

कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, मॉडेल नव्या रुग्णांवर तपासल्याचा दावा करणारे ७८ लेख चाळले. बहुसंख्य लेखांत कॅलिब्रेशनचा पत्ताच नव्हता. त्यांनी २०१५ मध्ये ऑल्टमन आणि इतरांसह ट्रायपॉड नावाची २२ मुद्द्यांची यादी प्रसिद्ध केली. मॉडेलबद्दल लिहिताना माहिती कुठून घेतली, किती लोक होते, रिकाम्या जागांचं काय केलं, पूर्ण सूत्र काय, हे सगळं सांगायचं. एप्रिल २०२४ मध्ये तिची नवी, २७ मुद्द्यांची आवृत्ती आली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलही धरून.

तोच माणूस, आज ८ आणि उद्या ४

आता अमेरिकेतली घडामोड. तिथे २०१३ मध्ये जोखमीचं नवं सूत्र आलं. धोका ७.५ टक्क्यांच्या वर असला की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देण्याचा विचार करायचा. सूत्र येऊन आठवडाही झाला नसेल, तोच हार्वर्डचे पॉल रिडकर आणि संख्याशास्त्रज्ञ नॅन्सी कुक यांनी ते तीन मोठ्या अभ्यासांतल्या लोकांवर ताडून पाहिलं. प्रत्यक्षापेक्षा ७५ ते १५० टक्के जास्त धोका ते दाखवत होतं. वाद झाला, पण सूत्र दहा वर्षं चाललं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रिव्हेंट हे नवं सूत्र आणलं. ६६ लाखांपेक्षा जास्त लोकांच्या माहितीवर बनवलेलं आणि तपासलेलं. वंशाची चौकट काढून टाकली, किडनीचं काम आणि हार्ट फेल्युअर यांचा समावेश केला. २०२४ मध्ये एका अभ्यासाने दोन्ही सूत्रं तिथल्या ४० ते ७५ वयाच्या लोकांना लावली. सरासरी धोका जुन्या सूत्राने ८ टक्के, नव्याने ४.३ टक्के. जुने निकष तसेच ठेवले तर स्टॅटिनसाठी पात्र लोक ४ कोटी ५४ लाखांवरून २ कोटी ८३ लाखांवर येतात.

थोडं थांबून विचार करा. एवढ्या लोकांच्या रक्तवाहिन्यांत रातोरात काहीच बदललेलं नाही. बदललं ते गणित. दुसऱ्या एका अभ्यासाने उलट बाजू दाखवली. नवं सूत्र जुन्या निकषांसह वापरलं आणि तेवढ्या गोळ्या कमी झाल्या, तर १० वर्षांत सुमारे १ लाख ७ हजार हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त होतील, असा त्यांचा अंदाज. धोका फुगवून सांगणारं सूत्र चूक होतं, पण त्या फुगवट्यामुळे काही जणांना गोळी मिळत होती आणि ती उपयोगी पडत होती. मला यातून असं दिसतं, की धोका किती हे संख्याशास्त्र सांगेल, पण किती धोक्याला गोळी द्यायची ही रेघ माणसांनी ओढलेली असते. ब्रिटनने ती रेघ २०१४ मध्ये २० टक्क्यांवरून १० वर आणली. २०२३ मध्ये तर १० टक्क्यांच्या खाली असलेल्यालाही, त्याची इच्छा असेल तर, गोळी नाकारू नका असं सांगितलं. म्हणून ९.८ ला 'सुटलो' आणि १०.१ ला 'सापडलो' असं काही नसतं.

आणि आपण?

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापून आला. शेजारी उभे आहेत लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर सडसडीत आणि आतून चरबीयुक्त, ही आपल्या लोकांची शरीरठेवण. वजन-उंचीवर बेतलेलं परक्या देशाचं सूत्र इथे फसू शकतं ते यामुळेच.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांसाठी तर हे आणखी महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे साडेचार लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकाराचा धोका युरोपीय वंशाच्या लोकांच्या दुप्पट निघाला. प्रचलित सूत्रांनी वर्तवलेला धोका मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. म्हणून तुमचा मुलगा न्यू जर्सीतून फोनवर "माझा रिस्क फक्त ४ टक्के आला" असं सांगत असेल, तर त्याला डॉक्टरांशी दक्षिण आशियाई वंशाबद्दल बोलायला सांगा. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा वंश धोका वाढवणाऱ्या गोष्टींत स्पष्टपणे धरलेला आहे.

मग भारतीयांसाठी वेगळं मॉडेल का नको? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ भाग करून तक्ते दिले. त्यात दक्षिण आशियाचा तक्ता आहे आणि तो वापरण्याजोगा आहे. एक रक्ततपासणीसह, एक तपासणीशिवाय. पण त्याचा पाया इतर देशांतल्या दीर्घ अभ्यासांचा आहे, आणि आपल्या भागातल्या आजाराच्या अंदाजे प्रमाणानुसार तो जुळवून घेतलेला आहे. ते अंदाज तरी कशावर? इथे आपलं दुखणं येतं. मॉडेल बनवायला लोकांना दहा-दहा वर्षं बघावं लागतं आणि कोण कशाने गेलं, ते नीट लिहावं लागतं. २०२० मध्ये भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे 'म्हातारपणाने', 'झोपेतच', 'छातीत कळ येऊन'. आणि प्रमाणपत्र असलं तरी त्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच लिहिण्याची आम्हा डॉक्टर मंडळींची सवय. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते! ती का बंद पडली, हे लिहायचं असतं.

अपवाद आहेत. पुण्याजवळ वढू परिसरातल्या २२ गावांत केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून घरोघरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत आहे. असं काम दिसत नाही, त्याची बातमी होत नाही. पण उद्याचं भरवशाचं मॉडेल अशाच नोंदींतून येईल.

आपल्या मातीतलं एक साधं मॉडेल मात्र आहे आणि ते मी रोज वापरतो. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये दिलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक. वय, कंबरेचा घेर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह, एवढ्या चारच गोष्टी. एकूण १०० गुण, ६० किंवा जास्त म्हणजे धोका जास्त. पन्नाशी ओलांडली (३०), पुरुषाची कंबर १०० सेंटिमीटर किंवा जास्त (२०), बैठं काम आणि व्यायाम नाही (३०), आईला मधुमेह (१०) : झाले ९०. सुई नाही, खर्च नाही.

याही आकड्याचा अर्थ नीट घ्या. त्या मूळ अभ्यासात ६० किंवा जास्त गुण मिळालेल्या १०० जणांपैकी १७ जणांनाच न कळलेला मधुमेह निघाला. ८३ जणांना नव्हता. आणि ६० पेक्षा कमी गुणांच्या १०० जणांत ५ जणांना होता. म्हणजे हा गुणांक निदान करत नाही. आधी कोणाचं रक्त तपासायचं, एवढं सांगतो. घरी येणाऱ्या आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्याचं तत्त्व हेच. त्यात गुण ४ पेक्षा जास्त आले तर तपासणीला आधी जायचं. कमी आले म्हणून तपासणी टाळायची नाही. आशाताईंना कंबर मोजू द्या, लाजू नका. तंबाखूचं खरं सांगा. खोट्या उत्तरावर कुठलंच गणित चालत नाही.

एआय म्हटलं की तपासणी माफ?

हल्ली 'एआयने केलेलं हृदयाचं मूल्यमापन' अशा जाहिराती दिसतात. एआयला माझा विरोध नाही, पण कसोटी तीच हवी. कोविडच्या पहिल्या लाटेत घाईघाईने मॉडेल निघाली. एप्रिल २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने, ज्यात कॉलिन्सही होते, ३१ मॉडेल तपासली. सगळ्यांत निष्कर्ष चुकण्याचा धोका मोठा होता. पुढे ही संख्या २३२ वर गेली. त्यातली फक्त दोन आशादायक वाटली.

अमेरिकेतल्या एपिक कंपनीचं सेप्सिसचा, म्हणजे अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या जंतुसंसर्गाचा, आगाऊ इशारा देणारं मॉडेल शेकडो रुग्णालयांत चालू होतं. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०२१ मध्ये ते स्वतः तपासलं. सेप्सिस झालेल्या १०० पैकी ६७ रुग्णांना ते ओळखूच शकलं नव्हतं. आणि दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत ते धोक्याची घंटा वाजवत होतं. इतकी घंटा वाजली की नर्सताई ती ऐकेनाशी होतात. हे कळायला बाहेरच्या कोणीतरी तपासावं लागलं.

आता तुमच्या हातातला रिपोर्ट परत बघा. लॅबला विचारा, हे सूत्र कुठलं? क्यूरिस्क, प्रिव्हेंट, जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता, की आणखी काही? धोका कशाचा : फक्त हार्ट अटॅकचा, की पक्षाघाताचाही? उत्तर मिळालं नाही तर त्या काट्याकडे दुर्लक्ष करा, पण बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे जपून ठेवा. ते खरे मोजलेले आहेत. गणितात घातलेलं बीपी जिना चढून धापा टाकत असताना घेतलेलं नाही ना, हेही बघा. बीपी चुकीचं तर टक्केही चुकीचे.

वयाचं वजन या सूत्रांत फार असतं. पासष्टीच्या पुरुषाचा रिपोर्ट चांगला असूनही टक्के दोन आकडी येऊ शकतात, त्याने घाबरू नये. पस्तिशीतल्या, रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याचे टक्के कमी येतात, त्याने खूश होऊ नये. त्याच्यासाठी १० वर्षांचा हिशेब अपुरा आहे. प्रिव्हेंट ३० ते ५९ वयात ३० वर्षांचा धोकाही सांगतं तो त्यासाठीच. आईवडील किंवा भावंडांना कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, सगळी सूत्रं ते विचारत नाहीत.

हा लेख वाचून किंवा नव्या सूत्राने टक्के कमी आले म्हणून चालू असलेली स्टॅटिनची गोळी मनाने बंद करू नका. आणि ज्यांना आधीच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, किंवा एलडीएल कोलेस्टेरॉल १९० च्या वर आहे, त्यांनी हे कॅल्क्युलेटर वापरूच नयेत. ही सूत्रं त्यांच्यासाठी बनलेलीच नाहीत. त्यांचा धोका आधीच जास्त धरलेला असतो आणि उपचार त्यानुसारच ठरतात, अ‍ॅपमध्ये काहीही आलं तरी.